शेवंतीचा मास्तर

दिंडोशीच्या रस्त्यावर एक पांढरी घोडी आडवी उभी होती, आणि रिक्षा काही पुढे सरकेना. कंटाळून अनुपमा खाली उतरली. लगाम धरलेला एक तरुण घोडीच्या कानाशी लागून तिची समजूत घालत होता.

"ओढा ना जरा जोरात!"

"ओढून येणारी नाही ती. पलीकडे बँड वाजतोय ना... वरातीची घोडी आहे. तिला वाटतंय, नवरदेव आल्याशिवाय हलायचं नाही."

अनुपमाला हसू फुटलं. तोही हसला. बँड थांबला, घोडी बाजूला झाली, तरी दोघं तिथेच...

"एवढ्या सकाळी कुठे निघालात?" त्याने विचारलं.

"घोडेस्वारी शिकायला." तिने जवळच्याच एका क्लबचं नाव सांगितलं.

"जा. पण तिथल्या मास्तरांचे बूट बघू नका. घोड्याचं तोंड बघा, ओठांच्या कडा."

गेल्या वर्षी बोरिवलीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दिल्लीच्या एशियाड स्पर्धेतले घोडे अडथळ्यांवरून उडताना पाहिले, तेव्हापासून अनुपमाने घरात धोशा लावला होता. शेवटी वडील म्हणाले, "शीक. पण मास्तर नीट पारखून घे."

क्लबातले चंद्रप्रकाश सर रुबाबदार होते. "पहिल्याच दिवशी घोडा पळवायला लावतो तुम्हाला!" म्हणाले. अनुपमाने मात्र घोड्याचं तोंड पाहिलं. ओठांच्या कडा सोलवटलेल्या होत्या, लगामाच्या लोखंडावर ओलं रक्त होतं. ती तशीच बाहेर पडली आणि वरातीच्या घोडीचा तबेला शोधत निघाली.

तबेला गुणाजीमामांचा होता. लग्नांना घोडे पुरवायचा त्यांचा धंदा. त्या तरुणाचं नाव अनंत. मामांनीच लहानाचा मोठा केलेला हा भाचा पुण्यात एका निवृत्त सुभेदारांकडे स्वारी शिकून आला होता. घोडीचं नाव शेवंती.

"आधी काही दिवस नुसता ब्रशने घोडीच्या अंगाला खरारा करायचा," अनंत म्हणाला. अनुपमाचं तोंड पडलेलं बघून मामा हसले, "गो चेडवा, घाई करू नको. घोडो माणसाक आदी वासान वळाखता."

मग रोज सकाळी कॉलेजच्या आधी ती येऊ लागली. अंगाला घोड्याचा वास, केसांत गवताच्या काड्या... मैत्रिणी नाक मुरडायच्या. तिला पर्वा नव्हती. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"पाठ ताठ. नजर समोर."

"समोर तर तूच उभा आहेस."

"मग... बघ."

शेवंतीवर बसून आडव्या बांबूवरून पहिली उडी जमली, त्या दिवशी तिला उतरवताना त्याचे हात तिच्या कमरेवर जरा जास्तच रेंगाळले.

"अनु..."

"काय?"

"काही नाही. टाच खाली ठेव."

"मी जमिनीवर आहे रे, वेड्या!"

मामा तोंड फिरवून हसत राहिले.

बांबू वर चढत गेला. एके दिवशी शेवंती त्याच्यापुढे थांबली, ती थांबलीच. अनंत बराच वेळ तिच्या गुडघ्यांवरून हात फिरवत होता.

"हिला यापेक्षा उंच झेपणार नाही. यापुढचं मलाही शिकवता येणार नाही. तू पुण्याला जा, सुभेदारांकडे. तुझ्यासाठी तेच खरे मास्तर."

"माझा मास्तर मी निवडलाय."

"मग पुन्हा निवड."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "एवढंच?"

त्याने ब्रश उचलला, खाली मान घालून खरारा सुरू केला. "एवढंच."

परीक्षा संपल्यावर ती पुण्याला मावशीकडे गेली. सुभेदारांनी तिला घडवलं. दीड वर्षाने एका मोठ्या स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. मुंबईत उतरताच ती घरी बॅग टाकून दिंडोशीला धावली.

मामा दारातच भेटले. खूप थकले होते. "इलंस गो? बरा झाला. अनंताचा लगीन ठरला. कणकवलीचा चेडू. घरात कोण तरी होया ना..."

तिने अनंतचं अभिनंदन केलं. व्यवस्थित, हसून. तो तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला.

"एकदा तरी थांब म्हणायचंस रे," शेवटी तिच्या तोंडून निघून गेलं.

"थांबली असतीस?"

"हो."

"म्हणूनच म्हणालो नाही. आयुष्यभर वरातीच्या घोड्यांना खरारा करत बसली असतीस."

"ते मी ठरवलं असतं ना! माझ्या वाटचंही तूच ठरवून टाकलंस."

तो अगदी हळू म्हणाला, "चुकलं, अनु."

"माझंही... मी तरी कुठे तोंड उघडलं?"

बस आली. तिने दांडा धरला.

"अनु, थांब ना जरा... पुढची बस येईलच."

दीड वर्ष ज्या शब्दासाठी तिचे कान आसुसले होते, तो शब्द आज आला होता. तिचं पाऊल पायरीवर क्षणभर अडखळलं. मग ती वर चढली, आणि मागे न बघता खिडकीपासून लांबच्या सीटवर जाऊन बसली.

कंडक्टर येऊन उभा राहिला. "कुठे, ताई?"

तिला पटकन सांगताच येईना.