पीठ एकदाच पसरायचं

नांदेडला आनंदराजच्या ऑफिसात शेषेराव तिसऱ्यांदा आले होते, आणि तिसऱ्यांदाही त्यांच्यापुढं चहाच आला.

"काका, बसा तर खरं," आनंदराज म्हणाला. परदेशात नोकऱ्या लावून द्यायचा त्याचा धंदा होता. स्टेशनच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या माडीवर एक खोली, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि नकाशावर लाल टाचण्या. त्यातली एक टाचणी शेषेरावांच्या मुलाची होती.

"बसायला न्हाई आलो. पोराची माय जाऊन आज सहा दिवस झाले. सुतकात घर सोडून आलोय. पोरगं आणून द्या."

"त्याचं तिकडं राहायचं कार्ड आलं न्हाई ना अजून. कार्डाबिगर पोलंड सोडलं की परत आत घेत न्हाईत. सगळी मेहनत पाण्यात जाईल पोराची."

"तुमी हॉटेलातलं काम म्हणला होता. तो गोदामात मटणाची खोकी उचलून राहिला. बर्फाच्या गोदामात."

"सुरुवातीला तसंच आसतंय, काका. तिकडं सेटल व्हायला येळ लागतो."

"मग तुमचं पोरगं धाडा की सेटल व्हायला."

शेषेरावांनी चहाला हात लावला नाही. खाली उतरले आणि आपल्या गावाच्या, किल्लारीच्या वाटेला लागले.

जुलैत नांदेडातूनच त्यांनी पोराला, आदिनाथला, रेल्वेत बसवलं होतं. गाडीला वेळ होता म्हणून गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानातून त्याला जाड बूट घेऊन दिले. शेषेरावांचा जन्म साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर गेला. त्यांनी बूट उलटा करून टायर बघतात तसा तळवा बघितला, खाचांत बोट घातलं. टाचेवर पाच टोकांचा तारा कोरलेला होता. दुकानदार हसला. म्हणाला, "मामा, पंक्चर होत न्हाई हा."

त्यांची बायको चतुराबाई त्या वेळी स्टेशनवर आल्या नव्हत्या. त्यांच्या किडन्या तेव्हाच थकल्या होत्या. नोव्हेंबरात त्या घरातच, पुढच्या खोलीतल्या खाटेवर गेल्या. जायच्या आदल्या दिवशी लेकीनं, वर्षाराणीनं, मोबाईल तोंडापुढं धरला होता. त्यात आदिनाथ दिसला, टोपी घातलेला, ओठ काळेनिळे पडलेले. चतुराबाईंनी काचेवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाल्या, "लेकरू लई गारठलंय." नंतर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. नवऱ्याशीसुद्धा नाही. हे शेषेरावांना लागलं होतं. तेहतीस वर्षं ज्याच्या ताटाजवळ बसून भाकरी वाढली, त्याच्यासाठी एक शब्द उरू नये?

दहाव्या दिवशी संध्याकाळी, जिथं जीव गेला त्या जागी, रीतीप्रमाणं ज्वारीचं पीठ पसरलं. शेजारी दिवा लावला आणि वर बांबूचं मोठं डालगं पालथं घातलं. गेलेला माणूस एकदा घरी येतो, आणि तो कोणत्या जन्माला गेला ते पिठावरच्या ठशात दिसतं, असं म्हणतात. कुणाच्या पिठात पाखराचा पाय उमटतो, कुणाच्या गाईचा खूर. शेषेरावांचा यावर विश्वास नव्हता. पण सकाळी डालगं उचलताना त्यांनी श्वास धरला होता.

पीठ जसंच्या तसं होतं. मुंगीसुद्धा फिरली नव्हती.

"इकडं आलीच न्हाई म्हणायची," शेजारचे गुंडप्पा म्हणाले. "दुसरीकडं कुठंतरी जाऊन बसली."

"आजून पसरून बघू का?"

"खुळे का काय तुमी! पीठ एकदाच पसरायचं. दुसऱ्यांदा पसरलं की ते बोलावणं होतंय. मग कोण यील, कसं यील, सांगता येत न्हाई."

आदिनाथचा फोन रोज साडेअकराला यायचा. तिकडं सकाळचे सात वाजलेले असायचे, आणि तो कामाला निघालेला असायचा. आधी तो रडवेला असायचा. भाषा कळत नाही, मुकादम खेकसतो, खोलीतली शेगडी चालत नाही, हातमोजे ओले ते ओलेच राहतात. शेषेराव ऐकायचे आणि आनंदराजला शिव्या घालायचे.

दहाव्यानंतर त्याचा आवाज बदलला.

"आता बरं हाय, आप्पा. खोलीत ऊब आसती."

"शेगडी दुरुस्त केली का त्यांनी?"

"न्हाई. शेगडी बंदच हाय."

चार दिवसांनी म्हणाला, मोजे सकाळी वाळलेले असतात, घडी घालून उशाशी ठेवलेले. खोलीतला जोडीदार रुद्रेश, उदगीरकडचा, तोच करत असेल, असं शेषेरावांना वाटलं. पुढच्या आठवड्यात रुद्रेश दुसऱ्या खोलीत राहायला गेला.

"कामून गेला?"

"म्हणतो, मी तुझ्या गादीवर बसलो की कुणीतरी बघतंय वाटतं." आदिनाथ हसला. "भित्रा हाय त्यो, आप्पा."

जानेवारीत एका सकाळी त्यानं फोन फिरवून अंगण दाखवलं. सगळं पांढरं होतं. रात्रीत पडलेला बर्फ, त्यावर ना माणूस ना कुत्रं. फक्त फाटकापासून त्याच्या दारापर्यंत पावलांची एक ओळ होती. अनवाणी पावलं.

"जवळ घे," शेषेराव म्हणाले.

आदिनाथनं फोन खाली नेला. डावं पाऊल. चार बोटं. करंगळीची जागा कोरी.

त्र्याण्णवच्या भूकंपात चतुराबाईंच्या डाव्या पायावर माळवदाचा दगड पडला होता. करंगळी गेली. नव्या गावातल्या या घरात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा उंबऱ्यात कुंकवाचं पाऊलसुद्धा चार बोटांचंच उमटलं होतं.

शेषेरावांनी ती ओळ पुन्हा बघितली. पावलं दाराकडं गेली होती. परत आलेली नव्हती.

"बघितलं का?" आदिनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. लहानपणी शाळेतून येऊन चुलीजवळ बसायचा, तसा होता तो आवाज.

शेषेरावांनी वर्षाराणीलाही सांगितलं नाही. काय सांगणार? फक्त एक गोष्ट धरून बसले. कार्ड येईल, पोरगं घरी येईल, मग बघू.

फेब्रुवारीत कार्ड आलं.

"मग कधी निघतोस?"

पलीकडं, त्याच्या मागं, भांड्यांचा आवाज होत होता. कुणीतरी तवा ठेवला असावा.

"आप्पा, आता येऊन काय करू? माय हितंच हाय. काम बी जमलंय. मुकादम आता बोलत न्हाई मला. माझ्या मागं बघतो आन् गप निघून जातो."

"खोलीत कोण हाय रे तुझ्या?"

"न्हाई कुणी. तुमी जेवलाव का?"

फोन ठेवल्यावर शेषेरावांनी खाटेकडं बघितलं. मग उठून चतुराबाईंच्या फोटोसमोर गेले. घर मोकळंच होतं. वर्षाराणी निलंग्याहून संध्याकाळच्या बसनं यायची होती.

"आसं करावं का गं?" ते म्हणाले. "मी हितं एकला भाकरी थापून राहिलो. करपती रोज. दार वाजलं की उठतो. तुज्यासाठी पीठ पसरलं, त्यावर पाय सुदिक ठिवला न्हाईस. आन् तिकडं, ज्या मुलखाचं नाव तुला बोलता येत नव्हतं, तिथं संसार मांडलास? त्या एजंटानं पोरगं नेलं म्हणून मी त्याला चोर म्हणलो. मग तुला काय म्हणू?"

त्यांचा आवाज चढत गेला. तेहतीस वर्षांत ते तिच्यावर एवढे ओरडले नव्हते.

"घिऊन ये त्याला. ऐकलंस का? कसा बी आण, पण घरी आण!"

मग त्यांनी डब्यातलं पीठ काढलं. खाटेजवळ हातभर जागेत पसरलं, तळव्यानं सपाट केलं, दिवा लावला आणि डालगं पालथं घातलं. वर्षाराणी आली. तिनं ते बघितलं आणि वडिलांच्या तोंडाकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन आला नाही.

बारा वाजले. वर्षाराणीनं लावून बघितला. नुसती रिंग जात होती.

"झोपला आसंल," ती म्हणाली.

तोवर डालग्याला कुणी हात लावला नव्हता.

शेषेराव गुडघ्यावर बसले. डालगं उचललं.

पिठात एक अनवाणी पाऊल होतं. डावं. चार बोटांचं.

त्याच्या शेजारी, अगदी लगटून, दुसरं पाऊल होतं. बुटाचं. टाचेत पाच टोकांचा तारा.

दोन्ही पावलं घराच्या आतल्या बाजूला वळलेली होती.

वर्षाराणी मागून म्हणाली, "आप्पा, कुणाचं हाय?"

शेषेरावांनी ताऱ्यावर बोट टेकवलं. पीठ ओलं होतं, आणि बोट बधिर होईल इतकं गार.