मोकळा पलंग

मोशीच्या कौशल्याबाईंना खाली घेतलं ते भर दुपारी आणि जरा घाईतच. घरघर लागली तसे चुलतदीर हिंदुराव म्हणाले, "पलंगावर जीव जाऊ द्यायचा न्हाई. घ्या खाली." म्हातारीला घोंगडीवर निजवलं, तोंडात तुळशीचं पाणी सोडलं. खाली घेतलं की अंथरूण गुंडाळून पलंग उभा करायचा, ही त्या घरची रीत. पण हा पलंग दवाखान्यातल्यासारखा, लोखंडी, भाड्यानं आणलेला. हवेच्या गादीचा पंप शेजारी घुरघुरत होता. तो उभा कोण करणार? राहू द्या म्हणाले.

सून योगिनी दोन वर्षं सासूची कूस बदलत होती, पाठीची जखम वाढू नये म्हणून, रात्री-अपरात्री उठून. वय अवघं चौतीस, पण जीव मेटाकुटीला आलेला. सगळे बाहेर फोनाफोनीत गुंतले तशी ती त्या गादीवर घटकाभर आडवी झाली. काय बरं वाटलं तिला! सुटले एकदाची, असंही वाटलं. का वाटू नये?

खाली कौशल्याबाईंनी डोळे उघडले.

"पड तितंच, पोरी... दमलीस."

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. कौशल्याबाईंचं जाताना हत्तीवर बसूनच गेलं. आठवड्यात त्या भिंत धरून चालू लागल्या. पाठीवरची जखम भरली, वर कोवळी कातडी आली. भावकीनं पेढे वाटले. त्याच सुमारास योगिनीचे गुडघे धरले. मग केस पिकले, दात हलू लागले, डोळ्यांपुढं धुकं आलं.

भोसरीच्या डॉक्टरांनी तिच्या हाडांचा रिपोर्ट पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"चौतीस? मशीन बिघडलं असेल. परत करू."

परत केलं, तेच आलं. त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं.

"अहो, मला त्या पलंगावर नका ठेवू..." ती नवऱ्याला म्हणाली.

दिग्विजय चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम करून पिचलेला. "अगं, रिकामाच हाय की तो. पाठीला बरं पडंल." माणूस वाईट नव्हता. त्यानंच तिला अलगद उचलून ठेवलं.

आता कौशल्याबाई तिची कूस बदलतात. मऊ भात चमच्यानं भरवतात, तोंड पुसतात. त्यांचे केस काळेभोर झालेत, अंगावर योगिनीची साडी असते. योगिनीला किंचाळायचं असतं, पण घशातून नुसती घरघर येते... शेजारच्या पंपासारखी.

परवा सकाळी दिग्विजय शिफ्टला निघाला. कौशल्याबाईंनी डबा हातात दिला. तो वळला, पलंगाशी आला आणि वाकून योगिनीच्या पायांना हात लावला.

"येतो गं आई."

तिनं होता नव्हता तेवढा जीव एकवटला. अहो, मी योगिनी... एवढंच म्हणायचं होतं तिला. ओठ हलले, आवाजही फुटला.

"दमानं जा रं, बाळा," ती म्हणाली.