ट्रेमधला माझा डोळा

मला दातांचा डॉक्टर हवा होता. मी दार चुकले.

दार उघडणाऱ्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. थेट तोंडाकडे बघत विचारलं, "कुठला डोळा?"

"दोन्ही शाबूत आहेत. दाढ दुखतेय."

तो हसला. त्याच्यामागे टेबलावर ट्रे होते आणि ट्रेमधून डोळे बघत होते... नुसते डोळे. तो कृत्रिम डोळे बनवायचा. मी वेबसाइट बनवते म्हटल्यावर म्हणाला, "मग माझी करा. लोक दारातूनच पळतात."

काम घेतलं. वेबसाइटसाठी निळी रंगसंगती दाखवली. "दवाखाना वाटतो." हिरवी दाखवली. "औषधाचं दुकान." गुलाबी दाखवली, तर म्हणाला, "लग्न जमवायचंय का कुणाचं?"

"तुमचं जमेल असं वाटत नाही."

"का? बघणारे एवढे आहेत की घरात!"

मेला! दर वेळी नकार द्यायचा आणि दर वेळी खिडकीपाशी माझी खुर्ची पुसून ठेवायचा. मीही जात राहिले — कामासाठी नव्हे. सांगायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

शेवटी वैतागून त्याच्याच ट्रेचा फोटो उघडला आणि एका डोळ्यावरून रंग उचलले — मधाळ तपकिरी, काठाला राखाडी, खाली पिवळा ठिपका. अख्खं पान त्या रंगांत उभं केलं. देखणं दिसलं. त्याचा चेहरा मात्र पडला.

"हा नको."

"का? कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही. समोर माणूस बसवल्याशिवाय मी डोळा रंगवत नाही. हा एकदाच... हात आपोआप चालला. आपली ओळख व्हायच्या कितीतरी आधी."

त्याने तो डोळा आणला, माझ्यासमोर आरसा धरला. ठिपक्यासकट माझाच होता. उजवा.

मी उजवा डोळा झाकून बघितला. "म्हणजे माझा हा डोळा जाणार?"

"माहीत नाही. दारातच ओळखला मी तो. रंग ठरला की तू जाशील, आणि हे सांगायचं राहील... म्हणून नाही-नाही म्हणत राहिलो."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला — तेही अशा वेळी!

त्याने तो डोळा टेबलावर ठेवला आणि हातोडी उचलली. मी त्याचं मनगट धरलं. थंडगार होतं.

"फोडायचा नाही. माझा गेलाच, तर हा बसवशील?"

"बसवीन."

"आणि दुसऱ्या डोळ्याने मी काय बघू?"

"मला," तो म्हणाला... आणि लाजला, गाढव.

टेबलावरच्या त्या डोळ्यावर मी तळवा ठेवला. हाताखाली पापणी मिटावी तसं काहीतरी हललं. मी हात काढला नाही.

"बघेन," म्हटलं.