चौकटीच्या उजवीकडची मुलगी

शाईची बाटली आणायला ती दुकानात शिरली आणि फळीसमोर थबकली. शाई असायची तिथे आता चित्रे काढायचा एक कलता, उजळ संगणकी पडदा मांडला होता, आणि शेजारी दुकानदाराचा भाचा उभा होता.

"काढून बघा ना," त्याने पडद्याची लेखणी पुढे केली.

"मला शाई हवी होती."

"यात भरपूर आहे. सांडतही नाही."

हसू दाबत तिने लेखणी घेतली — डाव्या हातात. एका साप्ताहिकासाठी ती चित्रकथा काढत असे. ओल्या शाईवर हात फिरू नये म्हणून प्रत्येक चौकट ती उजवीकडून रंगवत येई. आणि लाडकी म्हणून नायिका सर्वांत आधी, उजव्या कडेला. इथेही तिचे मनगट अधांतरीच राहिले.

"टेकवा की हात."

"फिसकटेल!"

"टेकवून तर बघा..."

श्वास रोखून तिने हात टेकवला, ताज्या काळ्याभोर रेघेवरून ओढला. रेघ जागची हलली नाही. तिने तळवा उलटून पाहिला. शाळेपासून कधीच धड स्वच्छ न दिसलेली करंगळीखालची कड लख्ख होती — जणू हात दुसऱ्याच कोणाचा.

"अगंबाई..." एवढेच ती पुटपुटली. तो पडदा सोडून तिच्याच चेहऱ्याकडे बघत राहिला.

मग ती रोजच जाऊ लागली. "रोज शाई आणायला जातेस आणि रिकाम्या हाताने येतेस," आई म्हणाली. "फार लांबून येते वाटतं शाई?" ती गालातल्या गालात हसली. पण शुक्रवारी त्याने सांगितले, सोमवारपासून तो दुसऱ्या गावच्या दुकानात असेल, आणि तिचे हसू मावळले. मनातले जिभेवर येऊन परत फिरत होते. तिची नायिकाही अशीच... समोरचा बोलला, तरच बोलणारी.

शनिवारी तिने पडद्यावर नवी चौकट काढली. डावीकडे मुलगा, उजवीकडे मुलगी. मुलाच्या डोक्यावरच्या फुग्यात शब्द होते: "मला तुझी सवय झालीये." मुलीच्या फुग्यात: "मलाही."

"एक गंमत राहिली," म्हणत त्याने एक खूण दाबली. आरशात पाहावे तसे चित्र उलटले. मुलगी डावीकडे आली. वर्षानुवर्षे काढलेला तो चेहरा अनोळखी भासला. हनुवटी किंचित वर, धीट. शब्द मात्र चित्रावर पारदर्शक कागद ठेवावा तशा वेगळ्या थरावर होते, ते जागीच राहिले. मुलाचे वाक्य आता मुलीच्या डोक्यावर होते.

"अरेच्चा! शब्दांचा थर फिरवायचा राहिला. डावीकडचं आधी वाचतात, म्हणजे आता हीच आधी बोलतेय. थांबा, नीट करतो."

"नको... राहू दे."

ती भारावून पाहत राहिली. इतकी वर्षे हिला उजवीकडे काढून आपणच गप्प ठेवले, ओल्या शाईच्या धाकाने! तिने लेखणी खाली ठेवली.

"तुम्ही गेल्यावर मला करमणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही... मला आवडता."

त्याचे कान लाल झाले. "मागे घ्यायचं बटण... हे इथे आहे," तो कसाबसा म्हणाला.

"माहितीये. नाही दाबणार."

"दाबूच नकोस!" तो घाईने म्हणाला. "मामा रोज विचारतो, हा पडदा विकला का जात नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता तर ना!"

ती खळखळून हसली.

"पहिल्या सुट्टीला मी इथेच येणार," तो म्हणाला. "तू असशील?"

"तुझ्या आधी येऊन बसेन."