मंगळावर पाठवलेला ओला दोर

माणसाच्या हाताला पाच बोटं असतात, हे मंगळावर कळवायला किती शब्द लागावेत? मी एकशे दहा लावले होते. हसू नका! तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि निबंधात दरवर्षी पहिला नंबर काढायचे.

तेव्हा आम्ही देवगडला आजोबांकडे राहायचो. माझा मामा मंगळावरच्या वसाहतीत इंजिनीअर होता. त्याचा मुलगा निहार माझ्याच वयाचा, पण वर्षाचा असतानाच तिकडे गेलेला. इथून मंगळावर निरोप पोचायला कधी चार मिनिटं लागतात, कधी वीस. दोन्ही ग्रह एकमेकांपासून किती लांब आहेत, त्यावर ते ठरतं. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच धावत नाही, मग आपला निरोप कुठला धावायला! त्यामुळे फोनवर गप्पा नाहीत. चित्रं आणि आवाज पाठवायला जागा फार लागते, म्हणून मुलांच्या वाट्याला नुसती अक्षरं यायची.

त्या अक्षरांत आम्ही लेखी रोलप्ले खेळायचो (दोघांनी आळीपाळीने लिहून रचलेलं नाटक, ज्याचं पात्र त्याने चालवायचं). बोलणं सरळ लिहायचं आणि कृती दोन चांदण्यांच्या मध्ये, अशी: *दार उघडते.* आमचं नाटक एका गलबतावर चालायचं. मी गलबताची प्रमुख, म्हणजे तांडेल. निहार डोलकाठीवर बसून लांबवर नजर ठेवणारा टेहळ्या.

त्या मे महिन्यात निहारची उत्तरं आखडत गेली. आधी चार ओळी, मग एक, मग नुसतं ‘बरं’. आणि एका सकाळी निरोप आला: ‘शरू, हा खेळ बंद करू या का? मला काही करायलाच मिळत नाही.’

मला रडूच फुटलं. खेळ गेला म्हणजे निहारच गेला की! ‘कसा आहेस, मी बरी आहे’ एवढ्यावर भाऊबहीण किती दिवस टिकणार?

आजोबा पडवीत आंबे निवडत बसले होते. ते निवृत्त होईपर्यंत उपग्रहांशी बोलणाऱ्या यंत्रांवर काम करायचे. बोलणं मात्र तिरकस.

“आण बघू इकडे,” ते म्हणाले. “काय दिवे लावलेस ते कळू दे.”

मी माझा शेवटचा निरोप वाचून दाखवला. *तांडेल आपला उजवा हात हळूहळू वर उचलते. पाचही बोटं एकेक करून दोराभोवती गुंडाळते, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट...* असं बरंच काही, आणि शेवटी, *दोर खेचून वर घेते. टेहळ्या घाबरून खाली उतरतो आणि म्हणतो, “वा, तांडेल!”*

“बाईंनी वीस ओळी लिहायला सांगितल्या होत्या काय गं?” आजोबांनी विचारलं.

“वर्णन जास्त असलं की गुण जास्त मिळतात,” मी फणकाऱ्याने म्हटलं.

आजोबांनी ठोंब्याला हाक मारली. ठोंब्या म्हणजे आमचा स्वयंपाकघरातला जुना यंत्रमानव. नारळ खवण्यात पटाईत, बाकी नावाप्रमाणेच. “ठोंब्या, तू आता टेहळ्या. शरूचा निरोप ऐक आणि पुढचं काम कर.”

ठोंब्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, “दोर शरूताईंनीच वर घेतला. मी घाबरलो. मी उतरलो. मी बोललोही. माझं काम संपलं. नारळ खवू का?”

मला हसूही आलं आणि रागही. रागारागात मी दुसरा निरोप लिहिला: *दोर ओढते.* झालं!

“कुठला दोर?” ठोंब्या म्हणाला. “कशासाठी? आला की नाही?” आणि खांबासारखा उभा राहिला.

“बघ,” आजोबा म्हणाले. “पहिल्यांदा तू त्याला करायला काही ठेवलं नाहीस. आता कशाच्या जोरावर करायचं, ते सांगितलं नाहीस. दोन्ही वेळा बिचारा जागच्या जागीच.”

“मग मधलं किती लिहायचं? पाच ओळी? सात?”

“ओळी मोजून काय होणार? आम्ही माहितीशास्त्र शिकलो (निरोपात खरोखर नवं किती आहे, हे मोजण्याचं शास्त्र). त्याचा नियम सोपा आहे. समोरच्याला जे आधीच ठाऊक आहे, ते शंभर शब्दांत सांगितलंस तरी नवी माहिती शून्य. त्याला जे ओळखता येणार नाही, ते एका शब्दात सांगितलंस तरी भरपूर. हाताला पाच बोटं असतात, हे निहारला ठाऊक नाही काय?”

“आहे.”

“मग कुठली गोष्ट ठाऊक नाही?”

आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! निहारने समुद्रच पाहिलेला नव्हता. गेलं वर्षभर मी त्याला गलबतावर फिरवत होते, करंगळीची हकिगत सांगत होते. पण पाण्याचा थेंबही लिहिला नव्हता. आम्हाला तो रोजचा, म्हणून मला सुचलंच नाही.

आजोबा आत गेले आणि पिवळ्या पडलेल्या छापील कागदांची एक चळत घेऊन आले. कॉलेजात असताना ते सायबर कॅफेत (तासावर संगणक मिळायचा ते दुकान) बसून असाच खेळ खेळायचे, बेळगावच्या एका अनोळखी मुलीबरोबर. तीच पुढे माझी आजी झाली. आजीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

“मीही तुझ्यासारखाच पाल्हाळ लावायचो,” ते म्हणाले. “तुझी आजी काय लिहायची बघ.” त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: *दार उघडते. उंबरठ्यावरच थांबते.*

“एवढंच?”

“एवढंच. ती का थांबली, याचा मी तीन दिवस विचार करत होतो. पुढची ओळ माझी होती ना!” त्यांनी चष्मा काढून पुसला. “अजून वाटतं गं, तिची एखादी ओळ यावी.”

मी त्यांना बिलगून बसले. मला आजीची फार आठवण आली.

मग आम्ही दोघं धक्क्यावर गेलो. तिथे एका नावेचा दोर पाण्यात लोंबत होता. मी तो ओढून पाहिला, आणि घरी येऊन लिहिलं:

*तांडेल दोर ओढते. भिजल्यामुळे तो दुप्पट जड झालाय. खरचटलेल्या तळहाताला मीठ झोंबतंय. दोर हातभर वर येतो आणि अडकतो. खाली पाण्यातून कुणीतरी तो उलटा ओढतंय.*

पुढे टेहळ्या काय करतो, हे लिहायला हात नुसते शिवशिवत होते. पण नाही लिहिलं.

ग्रह तेव्हा लांब होते. जायला वीस मिनिटं, यायला वीस. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. तासाभराने उत्तर आलं, चांगलं चौदा ओळींचं! टेहळ्याने डोलकाठीवरून उडी मारली होती, कोयता दातांत धरला होता, आणखी काय काय केलं होतं. शेवटी चांदण्यांच्या बाहेर एक प्रश्न होता: ‘शरू, मीठ झोंबतं म्हणजे काय होतं गं? अजून सांग ना.’

मी पडवीभर नाचले. ठोंब्यालाही नाचवलं.

आज आजोबा नाहीत, ठोंब्याही कधीच मोडीत गेला. पण ते गलबत तीस वर्षं चाललं. आणि गेल्या महिन्यात निहार पृथ्वीवर आला. मंगळावर माणसाचं वजन इथल्या निम्म्याहूनही कमी भरतं, त्यामुळे इथे त्याला स्वतःचंच ओझं होत होतं. पायांना आधारपट्ट्या बांधून, माझा खांदा धरून तो देवगडच्या किनाऱ्यावर उभा राहिला.

‘ती बघ भरती’ म्हणून मी सांगायला जाणार, तेवढ्यात आजीची ओळ आठवली आणि मी तोंड मिटलं.

निहार वाकला. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“खारट आहे, हे लिहिलं होतंस,” तो म्हणाला. “पायाखालची वाळू सरकते, हे कधीच नाही लिहिलंस.”

“ते तुझ्यासाठी ठेवलं होतं.”

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “मंगळावरचंही थोडं मी ठेवलंय. कधी येतेस?”

पुढच्या वर्षी निघतेय मी.