पुढच्या सीटचा बेल्ट

भाड्याची गाडी घेताना मालकाच्या तोंडाकडं बघू नये, टायरकडं बघावं, असं अंगद चारचौघांत सांगायचा. त्या सकाळी जालन्यात राधेश्यामच्या पत्र्याच्या शेडखाली तो खरोखरच उकिडवा बसून टायर चाचपत होता. स्टेपनी पाहिली, जॅक पाहिला, विम्याची तारीख वाचली, एकेका ओरखड्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला.

राधेश्याम दात कोरत उभा होता. "गाडी न्यायला आलात का पोरगी बघायला, भाऊ?"

"पोरगीच आणायची हाये. सव्वा महिन्याची."

बायकोचे, तृप्तीचे, टाके अजून दुखत होते. माहेराहून, पिंपळगाव रेणुकाईहून, एसटीचे धक्के खात दोघींना आणायचं नाही, हे त्याने पक्कं केलं होतं.

ड्रायव्हरशेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला दिसला. अंगदने तो काढून चावी फिरवली, तशी टुणटुण सुरू झाली.

"माणूस न्हाई अन् वाजून राह्यला?"

"लावून टाका, गप बसतंय. सोडू मात्र नका."

"सेन्सर गेलेला दिसतो. भाडं कमी करा."

"करू. तुम्ही म्हणाल तेवढं."

अंगदने बेल्ट पुन्हा लावला आणि खूश झाला. खरं तर तिथंच पाय मागं घ्यायला हवा होता. जालन्यात न भांडता उतरलेल्या भाड्याला नेहमी काहीतरी कारण असतं.

राजूरला गणपतीपुढचे पेढे घेऊन त्याने पुडा शेजारच्या सीटवर ठेवला. थोड्या वेळाने तो खाली पडला. उचलून ठेवला, पुन्हा पडला. रस्ता तर सरळ होता. शेवटी त्याने पुडा मागं टाकला.

परतताना तृप्ती लेकीला घेऊन मागच्या सीटवर कलंडली. भोकरदन मागं पडलं आणि अंगदची नजर बेल्टवर गेली. रिकाम्या सीटवर पट्टा पाठीला चिकटून राहतो. हा पुढं फुगलेला होता. आणि हलत होता. सावकाश, थोडा पुढं, थोडा मागं.

इतक्यात एक शेळी आडवी आली. अंगदने ब्रेक दाबला. त्याच्या छातीवरचा पट्टा कचकन आवळला.

शेजारचाही आवळला.

"काय झालं हो?" तृप्तीने विचारलं.

"काही न्हाई. शेळी."

डावा आरसा बघायचा तर नजर त्या सीटवरून न्यावी लागते. घर येईपर्यंत अंगदने डावा आरसा पाहिला नाही.

दारात त्याची आई, गोजरबाई, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. भर दुपार, आई समोर, गल्लीत पोरांचा गलका. अंगदला स्वतःच्याच भीतीची लाज वाटली. सेन्सर, दुसरं काय! गाडी चालू ठेवूनच त्याने शेजारच्या बेल्टचं बटण दाबलं.

टुणटुण. टुणटुण.

गोजरबाईने उतरलेल्या मायलेकींवरून तुकडा ओवाळला, गाडीवरूनही ओवाळला, लांब फेकला. पायांवर पाणी घातलं. "या, आता आत या सगळे."

टुणटुण थांबली.

"बघ, गप झालं," अंगद स्वतःशीच म्हणाला. गाडी परत द्यायला जाताना बेल्ट सुटाच होता आणि गाडीत चिडीचूप होतं.

राधेश्यामने ओरखडे पाहिलेच नाहीत. डावं दार उघडून तो सुट्या बेल्टकडं बघत राहिला. मग चावी फिरवून त्याने तळहात सीटवर दाबला. टुणटुण. हात उचलला. शांत.

"सेन्सर बराबर हाये," तो हळूच म्हणाला. "कुठं सोडला?"

"घरी. दारात."

राधेश्यामने डिपॉझिट दिलं. वर भाडंही अंगदच्या खिशात परत कोंबलं आणि शेडच्या आत निघून गेला. हातात आलेले पैसे अंगदने जन्मात पहिल्यांदाच मोजले नाहीत.

फोन वाजला. तृप्ती होती.

"अहो, बाळाच्या झोळीत काय ठेवून गेलात?"

"मी कशाला ठेवू? बाळ असंल."

"बाळ माझ्या मांडीवर हाये. आई चुलीपाशी. अन् झोळी पार खाली आलीय."

तिच्या आवाजामागं दोरीची करकर ऐकू येत होती. सावकाश. थोडी पुढं, थोडी मागं.