मोकळा हात

परगावी नाचायला गेलं की आधी जेवण बघू नये, जमीन बघावी. त्या हॉलची जमीन झकास होती. लाकडी, जुनी, तेल पिऊन पिऊन काळी पडलेली. पूर्वी तिथं कापडाचा कारखाना होता म्हणे. मशिनं कधीच उचलून नेली, पण त्यांच्या पायांचे चौकोनी डाग तसेच राहिलेले. उंच खिडक्या, रस्त्याकडे एक मोठं दार, कोपऱ्यात चहाचं टेबल. टाच मारली की आवाज खोल जाऊन परत यायचा. मी ढोल वाजवणारा माणूस, मला तेवढं पुरे.

आम्ही डोंगरातली माणसं. ते समुद्रापलीकडचे, बर्फातले, तिथले अगदी मूळचे. तिसऱ्याच कुणीतरी दोघांना बोलावलं होतं. एकत्र राहा, एकमेकांचे नाच शिका, आणि शेवटी दोघांचा मिळून एक नाच लोकांना दाखवा. मध्ये एक दुभाषी बाई दिलेली. दिवसभर यांचं त्यांना आणि त्यांचं यांना सांगता सांगता तिचं स्वतःचं बोलणं राहूनच जायचं, बिचारीचं.

त्यांची पुढारी एक म्हातारी. बुटकी, रुंद, भिंतीसारखी. आल्या आल्या तिनं माझ्या ढोलाची दोरी ओढून बघितली आणि नाक मुरडलं. आम्ही लगेच तिचं नाव ठेवलं सासूबाई. दुभाषीनं तेही प्रामाणिकपणे तिला सांगून टाकलं! आम्ही सगळे खाली माना घालून उभे. म्हातारी खुदकन हसली आणि म्हणाली, "मग सुनांनो, उभ्या काय राहिलात? लागा कामाला."

आमची पुढारी माझी थोरली बहीण, ताई. पण ती नाचते शेपटाला. आमचा नाच हातात हात धरून, लांब ओळीनं असतो, आणि ओळीचं शेवटचं टोक म्हणजे शेपूट. शेपूट आधी दाजींचं होतं. दाजी म्हणजे ताईचा नवरा. गेल्या थंडीत गेले. जन्मभर बडबड केली आणि जाताना झोपेत, एक शब्द न बोलता गेले.

दाजींचा डावा पाय ओळीच्या मागून पडायचा. सगळ्यांचे पाय पडून गेले की मग यांचा, धप्प. मी ओरडायचो, "दाजी, पाय कुठं राहिला?" तर म्हणायचे, "येतोय मागनं. मेहुणे, तुमच्या ढोलालाच घाई फार." शेवटी मीच शहाणा झालो. थाप द्यायच्या आधी हात जरासा थांबवायचो, त्यांच्या पायासाठी.

आता आमच्यातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेपटाला नाचणारा एक हात मोकळा ठेवतो, मागं धरलेला. ओळीतलं कुणी वारलं असेल तर तो हात त्याचा. नाचापुरता. नाच संपताना ढोलावर निरोपाची थाप पडते, शेपटाचा माणूस "जा आता" म्हणतो आणि ओल्या हातावरचं पाणी झटकावं तसा हात झटकतो. झालं. लहानपणापासून बघत आलोय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास होता असं नाही. चालत आलंय म्हणून चालायचं.

म्हातारीच्या लोकांचा नाच वेगळा. तो संपतच नाही. पुढचा माणूस सगळ्या ओळीला दाराबाहेर काढतो, रस्त्यानं नाचत नाचत घरापर्यंत नेतो. म्हातारी म्हणाली, "नाच थांबवायचा नसतो, घरी न्यायचा असतो. आणि पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर ओळ तुटते."

दोघांचा नाच बांधायला बसलो तेव्हा सगळे फार सभ्यपणे वागले. दारात दोन पाहुणे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतात ना, तसं. आम्ही म्हणालो, शेवट तुमचा घेऊ, छान आहे. ते म्हणाले, मग सुरुवात तुमची, मोकळ्या हाताची. टाळ्या वाजवल्या, चहा प्यालो. निरोपाची थाप कुठं बसवायची, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव. त्यांची माणसं पुढं, आमची मागं, शेपटाला ताई. वाजवता वाजवता माझा हात थांबला, जुन्या सवयीनं. म्हटलं, गाढवा, आता कुणासाठी थांबतोस? आणि सगळ्यांचे पाय पडून गेल्यावर एक पाय पडला. धप्प.

मी ताईकडं बघितलं. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

जुनं लाकूड, वाजतं कधी कधी. सराव संपल्यावर मी स्वतः त्या जागेवर टाचा आपटून बघितल्या. काही नाही. दुपारी पुन्हा तेच. माझा हात थांबायचा आणि ती जागा भरली जायची. मला भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू. इतके महिने ढोलात एक भोक होतं, ते बुजल्यासारखं झालं.

ताई बदलली. चहाच्या टेबलाशी एकटीच उभी राहून हसायची. एकदा तर म्हणाली, "पुरे झालं, लोक बघतायत." मी म्हटलं, "कुणाशी बोलतेस गं?" तर म्हणाली, "तुला काय करायचंय? ढोल बघ आपला." पण जेवायला लागली डाव्या हातानं. उजवा हात मागंच, बोटं अर्धी मिटलेली. कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

"ताई, हात बघू."

"काही झालेलं नाही."

मी ओढूनच घेतला. झऱ्यातला दगड असतो तसा गार. बोट उघडायला गेलो तर उघडेना. रोज तो गारवा थोडा वर चढायचा. आधी मनगट, मग कोपर. डॉक्टरचं नाव काढलं तर डोळे वटारायची.

आमच्यात म्हणतात, निरोप न दिलेला माणूस एकटा जात नाही. त्याच्या मनात वाईट नसतं. वाट ठाऊक नसते, म्हणून धरलेला हात तो सोडत नाही, एवढंच.

मी म्हटलं, "ताई, निरोपाची थाप घालू या शेवटी. मी सासूबाईशी बोलतो."

"नको."

"अगं, दाजी तुला घेऊन जातील!"

"मग नेऊ देत. दाराबाहेर तो नाच थांबत नाही ना? बरं आहे." मग माझ्या तोंडाकडं बघून जरा मऊ आवाजात म्हणाली, "मी यांना जा कशी म्हणू रे? घरातनं बाजारात निघाले तरी मी कधी जा म्हटलं नाही. लवकर या म्हणायचे."

मी दुभाषीला घेऊन म्हातारीकडं गेलो. कसं सांगायचं, काय सांगायचं. ढोलवाल्याचं डोकं फिरलं म्हणेल. मी अडखळत सुरुवात केली तर तिनं हात वर करून मला थांबवलं.

दुभाषीचा आवाज बारीक झाला. "त्या म्हणतायत, शेवटचा माणूस ना? माहीत आहे. त्याचा पाय पडेपर्यंत मी पुढचं पाऊल उचलत नाही."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"त्याला घालवून द्यायला हवं," मी म्हटलं. "नाहीतर माझी बहीण जाईल."

म्हातारीनं चहा संपवला. कप पालथा ठेवला. मग म्हणाली, "आलेल्या माणसाला घालवायचं? आमच्यात जा हा शब्द नाचात नाही." आणि उठून गेली. मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही.

नाच दाखवायचा दिवस. दुपार. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, खिडक्यांतून उन्हाचे पट्टे जमिनीवर. ताई शेपटाला. ओठ निळसर, पण चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशी होतं तसं हसू. मी ठरवलं होतं, कुणाला विचारायचं नाही, दाराशी पोचायच्या आत निरोपाची थाप द्यायची.

सुरुवात आमची. हात मोकळा झाला. पाय पडायला लागले. आणि मागनं तो एक.

लोकांनाही ऐकू आला असावा. पुढच्या बाकावरचा एक माणूस वाकून बघायला लागला.

मग म्हातारी दाराकडं वळली. ओळ तिच्यामागं ओढली गेली. उघडं दार, पलीकडं पांढरा उजेड.

मी निरोपाची थाप दिली.

आमची सगळी माणसं दचकली. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.

पुन्हा दिली. जोरात.

धप्प. पाय आला. थांबला नाही.

ताईचा हात खांद्यापर्यंत पांढरा झालेला मला इथून दिसत होता. दारापर्यंत पाच-सात पावलं.

माझे तळवे सोलून निघाले. तिनं हात झटकला नाही.

आणि म्हातारी उंबऱ्यात थांबली.

ती वळली. मागं.

तिच्या माणसांच्या तोंडून श्वास ओढल्यासारखा आवाज आला. एकानं डोळे झाकले. म्हातारीनं आपला हात सोडवला आणि ओळीच्या कडेनं चालत, एकेकाला ओलांडत, शेपटापर्यंत आली. ताईच्या मिटल्या मुठीखाली तिनं आपला तळवा धरला. वर बघितलं. ताईकडं नाही, तिच्या थोडं मागं, पुरुषाच्या उंचीवर.

एक शब्द बोलली.

दुभाषी माझ्या शेजारी उभी होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी पुटपुटली, "म्हणतायत... या."

ताई कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग तिची बोटं उघडली. एक. मग दुसरं.

"यांना थंडी सोसत नाही," ती म्हातारीला म्हणाली.

दुभाषीनं सांगितलं. म्हातारीनं मान डोलावली, मूठ मिटली आणि दाराकडं चालायला लागली. सावकाश. शेजारच्याच्या चालीनं.

मी थाप देत राहिलो. थांबून, थांबून, रस्त्यावरून आवाज येईनासा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोक निघाले. विमानतळावर न्यायला बस आलेली. ताईचा हात माझ्या हातात होता, कढत, घामेजलेला, आणि ती मला चिडवत होती, "ढोल फोडायचा होता का रे काल?" रडतही होती. म्हातारी चढायच्या आधी ताईनं अंगावरची लोकरी शाल काढली, घडी केली आणि तिच्या हातात दिली. दुभाषीला पहिल्यांदाच काम नव्हतं.

सगळे आपापल्या जागी बसले. ड्रायव्हर दार लावायला गेला तर म्हातारीनं हात आडवा धरला. तो कुरकुरला, घड्याळ दाखवलं. ती ऐकेना. थोड्या वेळानं तिनंच हात काढला आणि खिडकीशी जाऊन बसली. शेजारची सीट रिकामी.

काचेतून आम्हाला दिसत होतं. तिनं शालीची घडी उलगडली, शेजारच्या सीटवर पसरली आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचली.

शाल सीटवर टेकली नाही. मांडीवर पडते तशी पडली, आणि गुडघ्यांवरून खाली लोंबत राहिली.